क्लचवरची दोन बोटं

दिघीचे जपूनमामा इंजिनाला घाबरायचे.

धंदा मेकॅनिकचा, त्यातही जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा, आणि गिऱ्हाईकानं गाडी शेडसमोर स्टँडला लावली की हा माणूस आधी एक पाऊल मागं सरकायचा. चावरं कुत्रं बांधलंय की मोकळं आहे, हे बघावं तसं गाडीकडं बघायचा. मग लांबूनच विचारायचा, "चालू हाय का बंद?" बंद आहे म्हटलं की मामांचा चेहरा जरा उजळायचा. "बंद हाय ना? मग बरं. बंद गाडी कुणाला मारत न्हाई."

'जपून' हा शब्द त्यांच्या तोंडात कायम असायचा. चहा दिला, "घे, जपून." स्टूल पुढं केलं, "बस, जपून." एकदा एक गिऱ्हाईक लग्न ठरलं म्हणून पेढे घेऊन आलं. मामांनी पेढा तोंडात टाकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या गंभीरपणे "जपून" म्हणाले की नवरदेवाचा चेहराच उतरला राव. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेल तेवढंच. अख्खी दिघी त्यांना जपूनमामाच म्हणायची.

मी पक्या, मूळचा गेवराईचा. शाळेत अभ्यासावरून मला कुणी ओळखत नव्हतं, पण गॅदरिंगला हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, भाषण विसरलेला पुढारी आणि व्यायला झालेली म्हैस, सगळे मीच असायचो. हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून छड्या खाल्ल्या आणि म्हशीची केली म्हणून बक्षीस मिळालं. पुढं चाकणला गाड्यांचे रबरी पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलो आणि दिघीत खोली घेतली. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक गावाकडं धूळ खात पडली होती, ती टेम्पोत घालून आणली. शेजाऱ्यानं मामांच्या पत्र्याच्या शेडचा रस्ता दाखवला आणि वर सांगितलं, "काम एक नंबर करतो म्हातारा. फक्त तुला भीती घालेल."

घातलीच. इंजिन उघडून मामांनी पिस्टन बाहेर काढला आणि फडक्यावर ठेवून माझ्यापुढं धरला. मुठीएवढा ॲल्युमिनियमचा डबा, आणि त्याच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा.

"मांजरानं ओरबाडलंय जणू," मी म्हणालो.

"हसतोय व्हय? तुझा बाप थोडक्यात वाचलाय. इचार त्यास्नी, गाडी कवा मधीच धरली हुती का."

गाडी धरणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. पिस्टन तापला की फुगतो. त्याच्या आणि सिलिंडरच्या मधे केसाएवढी जागा ठेवलेली असते. ती कमी पडली की पिस्टन आतल्या आत घट्ट बसतो, इंजिन जागच्या जागी थांबतं आणि मागचं चाक पळत्या गाडीत लॉक होतं. "मानूस रागानं फुगतो न् दारात अडकतो, तसं," मामा म्हणाले. "पर मानूस अडकला तर घरातली हसत्यात. हितं मागनं ट्रक येत असतो."

मी तिथूनच वडिलांना फोन लावला. ते फोन घेऊन अंगणात गेले. मग म्हणाले, "एकदा माजलगावच्या रस्त्याला चाक लॉक झालं होतं. तुझ्या आईला सांगू नको."

नवा पिस्टन बसवायच्या आधी तो तयार करावा लागतो, आणि मामांकडं ह्या तयारीची एक रीत होती जी मी दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात पाहिली नाही. डब्यातून काढलेल्या नव्या पिस्टनच्या कडा धारदार असतात. त्या बारीक पॉलिश पेपरनं घासून मऊ कराव्या लागतात, नाहीतर आत गेल्यावर त्या सिलिंडर ओरबाडतात. हे घासायचं काम मामा गाडीच्या मालकाला करायला लावायचे. मालक कुणीही असो. वकील आला तर वकिलानं घासायचं. "गाडीवर कोन बसनार? तू. मग धार तुझ्या बोटाला कळू दे. मला कळून काय उपेग?" मालक घासायचा, मामा मधेमधे पिस्टन घ्यायचे, डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे आणि परत द्यायचे. "अजून हाय." परत घासायचं. "अजून." मी घासताना वैतागून म्हणालो, "मामा, एवढं तर मी दहावीला पण घासलं नाही." मामा म्हणाले, "म्हनून चाकणला हायेस. घास."

गोष्ट एवढ्यावर थांबायची नाही, आणि माझी गाडी झाल्यावरही मी शिफ्ट सुटली की शेडवरच पडीक असायचो. घासून झालेला पिस्टन रॉकेलनं धुवायचा, पुसायचा आणि मग तो जायचा मामींच्या स्वयंपाकघरात. मामांचं घर शेडला लागूनच. पिस्टन गरम पाण्यात ठेवला की त्याचं भोक नखभर सैल होतं आणि त्याला इंजिनाच्या दांड्याशी जोडणारी पिन हातोडी न मारता अलगद सरकते. हातोडीची मामांना भीती. नव्या पिस्टनवर हातोडी म्हणजे तान्ह्या पोराला चापट, असं म्हणायचे. आणि गरम पाण्यासाठी त्यांना नेमकं चहाचंच पातेलं लागायचं. आतून मामींचा आवाज यायचा, "झालं! आता चहातून रॉकेल प्या सगळे. दुसऱ्यांच्या बायका सोन्यासाठी भांडत्यात, मी पातेल्यासाठी भांडतीया!"

पिन सरकली की तिच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक बारीक कडी बसवायची, पिन बाहेर येऊ नये म्हणून. त्या वेळी मामा इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचे आणि सगळ्यांना श्वास धरायला लावायचे. कडी उडून आत पडली तर सगळं इंजिन फोडावं लागणार. "बोलू नका. शिंकू नका. पक्या, तू तर दिसू पन नकोस." मग पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला आहे ना, हे ते स्वतः बघायचे, मला बघायला लावायचे, मालकाला बघायला लावायचे आणि रस्त्यानं जाणारा ओळखीचा दिसला तर त्यालाही हाक मारायचे. "अरे, हिकडं ये जरा. बान कुनीकडं हाय सांग."

ह्या सगळ्यापेक्षा त्यांचा मोठा नियम एकच. स्वतः बसवलेल्या पिस्टनची पहिली चक्कर ते स्वतः मारायचे. मालकाला गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. भोसरीवरून मोशी, इंद्रायणीचा पूल, चाकणच्या अलीकडून परत. "माजा हात, तर पयला जीव बी माजाच." तरुणपणी त्यांनी एका दूधवाल्या मित्राची गाडी दुरुस्त करून तशीच हातात दिली होती. ती आळंदीच्या रस्त्याला धरली. मित्र जगला, पण त्याचा एक पाय आखूड झाला. तो अजून शेडवर यायचा, लंगडत, चहा प्यायचा, शेतीच्या गप्पा मारायचा. तो गेला की मामा बराच वेळ हात पुसत बसायचे.

चक्करीवर निघालेले मामा म्हणजे बघायची गोष्ट. हेल्मेट, वर मफलर, तोंडानं काहीतरी पुटपुटणं आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. कायम म्हणजे कायम. गाडी सरळ रस्त्यावर असो, मोकळ्या माळावर असो, बोटं क्लचवरच. कारण पिस्टन धरला तर वाचायचा एकच उपाय. त्याच क्षणी क्लच दाबायचा, म्हणजे इंजिन आणि चाक वेगळं होतं आणि गाडी घसरत नाही, पळत राहते. "आवाज बारीक झाला, की दाब. इचार मागनं करायचा. इचार करत बसलास तर इचारच ऱ्हाईल, तू न्हाई."

अशा माणसाची नक्कल मी करणार नाही तर कोण करणार? शेडवर चहाला माणसं जमली की फर्माइश यायची, "पक्या, मामांची चक्कर दाखव." मी स्टुलावर बसायचो, रुमालाचा मफलर करायचो, तोंडानं इंजिनचा आवाज काढायचो. टू-स्ट्रोकचा आवाज मला फार छान जमतो, प्रत्येक गाडीचा वेगळा. आणि डावा हात पुढं करून दोन बोटं हवेतल्या क्लचवर. मामा सगळ्यांत जास्त हसायचे. "डोळं अजून मोठं कर," असं वर सांगायचे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, असाच एका रविवारी, मी ती चक्कर करून दाखवत होतो. लोक हसत होते. नेहमीपेक्षा जास्तच हसले, म्हणून मी माझ्या हाताकडं बघितलं. माझी क्लचवरची बोटं थरथरत होती. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. नक्कल करणाऱ्याचं असंच असतं, डोळ्यांनी पाहिलेलं अंगात आधी उतरतं, डोक्यात नंतर. मला एकदम कळलं की हे थरथरणं मी बनवलेलं नाही. हे मी रोज बघत होतो.

लोक हसत होते. दारात मामी उभ्या होत्या, त्या हसत नव्हत्या.

माणसं पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "तुला कवापासून दिसतंय?"

"दिवाळीच्या पुढं असेल मामी. नीट नाही सांगता येणार."

"मला बी. जेवताना घास डाव्या हातानं, न् तो हालतो. डाक्टरकडं चला म्हनलं तर म्हनत्यात थंडी हाय. गॅसजवळ बसून बी थंडी?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पक्या, चक्करीला यकटं जाऊ देऊ नकोस. मागं बस. आन तुजा डावा हात त्यांच्या हाताजवळ असू दे."

मला नाही म्हणता आलं नाही, पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मामा डावखुरे. क्लचही डावाच. मी गाडीच्या मागच्या सीटवर बसून एका म्हाताऱ्याच्या बोटांकडं बघत चाकण रोडवरून जायचो. दोन्ही बाजूंनी कंटेनर. नव्या कारनं भरलेले लांबलचक ट्रेलर. आणि ती बोटं क्लचवर, पानासारखी हलणारी. मामा पुटपुटायचे ते मागं बसल्यावर पहिल्यांदा नीट ऐकू आलं. देवाचं नाव नव्हतं. "ऐकू दे, ऐकू दे, ऐकू दे," एवढंच. इंजिनाचा आवाज. मीही आतल्या आत तेच म्हणायला लागलो.

हिवाळाभर काही झालं नाही. गाड्या आल्या, मालकांनी पिस्टन घासले, आम्ही चक्कर मारली, मामांनी गाड्या दिल्या. मला वाटलं, निभलं.

चैत्र संपताना हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा एक जण आजोबांची गाडी घेऊन आला. चांगला होता बिचारा. पिस्टन घासतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढत होता. मामा त्याला म्हणाले, "मोबाईल ठेव. तुजं घासनं तुज्या आजानं बघितलं तर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडं न्हेईल." बोअरिंगवाला नव्या पिस्टनच्या मापानं सिलिंडर मशीनवर आतून कापून देतो, पण शेवटचा हात मामा स्वतः फिरवायचे. आतून घासायचं, पिस्टन ठेवायचा, मधल्या जागेत फिलर गेजची मापाची पातळ पत्ती सरकवायची, अडखळली तर परत घासायचं. त्या दिवशी पत्ती सहज गेली. "बास," मामा म्हणाले.

दुपारी चक्करीला निघालो. ऊन म्हणजे डांबर चिकटेल असं. मोशी गेली, पूल गेला. पुढं रस्ता मोकळा मिळाला तसं मामांनी जरा वेग घेतला. गरम झालेलं इंजिन वेगात तपासायचंच असतं. मागं बघितलं तर एक ट्रेलर येत होता, लांब होता अजून.

आणि आवाज बारीक झाला.

सांगायला सोपं आहे. भरल्या वर्गात हेडमास्तर यावेत आणि गोंगाट एकदम पातळ व्हावा, तसं. गाडीला मागून कुणीतरी धरतंय असं वाटलं. मी मामांच्या बोटांकडं बघितलं. बोटं क्लचवर होती. थरथरत होती. आवळत नव्हती. मामांचा खांदा ताठ झाला होता, म्हणजे त्यांनाही कळलं होतं, ते दाबत होते, सगळा जीव एकवटून दाबत होते, आणि हात ऐकत नव्हता.

मी त्यांच्या पाठीवर पडलो आणि माझा पंजा त्यांच्या बोटांवरून टाकून आवळला. मागच्या चाकानं एकदा किंकाळी फोडली, गाडी एका अंगाला गेली, मग चाक सुटलं आणि आम्ही आवाज न करता नुसते घरंगळत राहिलो. मामांनी गाडी कडेच्या मातीत घातली. ट्रेलर शेजारून गेला. त्याच्या हवेनं माझा शर्ट फडफडला. हॉर्न बराच पुढं जाईपर्यंत ऐकू येत होता.

मामांच्या बोटांवरून माझा हात मला काढता येत नव्हता. मला वाटलं, मामा आता रडतील, देवाला हात जोडतील, निदान 'जपून' तरी म्हणतील. मामा समोर रस्त्याकडं बघत म्हणाले,

"पक्या, थंडीत कुनाकुनाचं बसवलं आपन?"

मला काही कळेना. "काय बसवलं?"

"पिस्टन. हात हालत हुता माजा. हात हालला की पत्ती हालती. पत्ती हालली की वाटतं, जागा हाय. जागा नव्हती पक्या. थंडीत खपून गेलं. आता ऊन पडलंय. त्या समद्या गाड्या रस्त्यावर हायेत."

तेव्हा मला खरी भीती वाटली. ट्रेलर गेला तेव्हा वाटली ती वेगळी होती, ती आपली आपली होती. ही दुसऱ्यांची होती. कुणीतरी आत्ता, ह्या क्षणाला, बायकोला मागं बसवून आळंदीला निघालं असेल.

दुसऱ्याच दिवशी शोध सुरू झाला. मामांनी कुणाचं नाव कधी लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना माणसं नाही, गाड्या आठवायच्या. "लाल टाकीची, किकला रबर नसल्याली." "मडगार्डला सुतळी बांधल्याली." मला आवाज आठवायचे. मग आम्ही दोघं रिक्षानं, बसनं, जिथं जिथं ती गाडी गेली असेल तिथं जायचो. मामा टाकीचं वर्णन करायचे आणि मी टपरीवर उभा राहून आवाज काढायचो. लोकांना वाटायचं तमाशाच आलाय. पण गाड्या सापडत होत्या राव. "अरे, ही तर आमच्या चाळीतल्या सरांची!" असं कुणीतरी म्हणायचंच.

चिखलीत एक अंडीवाला भेटला. त्याच गाडीवर मागं अंड्यांचे ट्रे, हातभर उंच. मामांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काय मामा, मख्खन चालतीये की!"

"चालतीया म्हनून तर भ्या वाटतंय," मामा म्हणाले. "थांबली असती तर मी घरी झोपलो असतो."

तो ऐकेना. उन्हाळ्यात अंड्यांचा धंदा मंदा, दिवस मोडायचा नाही म्हणे. मामांनी वाद घातला नाही. ते जाऊन त्याच्या गाडीसमोर मातीत मांडी घालून बसले. "ने माज्या अंगावरनं." अंडीवाला आधी हसला, मग शिव्या दिल्या, मग त्याच्या बायकोनं त्यालाच शिव्या दिल्या आणि किल्ली आमच्या हातात ठेवली. इंजिन उघडल्यावर मामांनी त्याला पिस्टन दाखवला. एका अंगाला रेघा उमटायला लागल्या होत्या, अगदी पुसट, पेन्सिलीच्या. अंडीवाल्यानं खाली बसून पॉलिश पेपर मागितला.

सापडलेली प्रत्येक गाडी अशी उघडली. माप आता भोसरीचा बोअरिंगवाला त्याच्या मशीनवर घ्यायचा. मामांनी पत्तीला परत हात लावला नाही. ते शेजारी स्टुलावर बसायचे आणि घाबरायचे, एवढंच काम त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. ते कामही कमी नव्हतं. "परत बग," असं ते म्हणाले की बोअरिंगवाला कपाळाला हात लावायचा, पण परत बघायचा. पहिली चक्कर मी मारायचो. मी निघालो की मामा रस्त्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि मी परत येईपर्यंत वळायचे नाहीत. हे मामींनी सांगितलं.

उन्हाळा संपेपर्यंत सगळ्या सापडल्या. एक सोडून.

ती निळी होती. तिच्या सायलेन्सरच्या आत काहीतरी सुटलं होतं, त्यामुळं रेस सोडली की शेवटी एक पितळी ठोका यायचा. रँ-रँ-रँ-टण्ण. मूळ मालक भोसरीत सापडला, पण त्यानं ती विकून टाकली होती. घेणाऱ्यानं पुढं चाकणला कुणाला तरी दिली. कंपनीत लागलेला कुणी होता म्हणे, गावाकडनं आलेला, विदर्भातला किंवा मराठवाड्यातला, नाव ठाऊक नाही. पुढं धागाच तुटला. चाकणला असे हजारो आहेत. त्यातलाच एक मी.

पावसाळ्यात मामांचा हात पार गेला, मग चालणं गेलं. शेडचं शटर खाली आलं. दिवाळीनंतर छातीत कफ झाला आणि दवाखान्यात ठेवलं. मी शिफ्ट सुटली की जायचो. हसवायला म्हणून नर्सची नक्कल करायचो, डॉक्टरची करायचो. मामा डोळ्यांनी हसायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता.

"घावली का?"

मामी माझ्याकडं बघत होत्या. 'हो म्हण' असं त्यांच्या डोळ्यांत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण ज्या माणसानं आयुष्यभर खऱ्या गोष्टींचीच भीती बाळगली, त्याला खोटा धीर कसा द्यायचा?

"नाही मामा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "मग भिऊन ऱ्हा."

आता परत उन्हाळा आलाय. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी चाकणच्या चौकातल्या टपऱ्यांवर थांबतो. पोरं ओळखायला लागलीत. "पक्या भाऊ, ती निळी गाडी कर ना!" मी करतो. रँ-रँ-रँ-टण्ण. पोरं हसतात, चहा सांडतो, "परत, परत" म्हणतात. मी परत करतो. हसणं थांबलं की विचारतो, "ऐकलीय का कुणी?"

परवा एक जण म्हणाला, "ऐकलीये की. सकाळी जाते इकडनं. लै जोरात."

"कुठल्या रस्त्यानं?"

त्यानं हात केला. तिकडं कंटेनरची रांग लागलेली होती.

आता मी सेकंड शिफ्ट मागून घेतलीय आणि सकाळी तिथंच कडेला उभा असतो, मोठं पुठ्ठ्याचं पान हातात धरून. त्यावर लिहिलंय, 'निळी टू-स्ट्रोक, थांब.' येणारे-जाणारे हात करतात, काही जण फोटो काढतात. आज ऊन नऊलाच चटका देत होतं. गाडी आली नाही. कालही आली नव्हती. आणि मला कालच्यापेक्षा आज जास्त भीती वाटतेय.